बिनपाण्याचं शेततळं

पोरांच्या खेळांचा विषय निघालाय म्हणून सांगते. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, देवळ्याहून कांद्याची गोणी घेऊन आले होते. त्यांना नातीचं स्केटिंग दाखवायला इंदिरानगरच्या स्केटपार्कवर नेलं. सिमेंटचा तो उतरता खड्डा बघून म्हणाले, "शेततळं झकास हाय. पाणी कधी सोडणार?"

म्हटलं, "अण्णा, पोरं इथं घसरायलाच येतात."

लहानपणी मी आणि दादा आटलेल्या शेततळ्यात गोणीवर बसून घसरायचो. तळ्यात अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद फाटेल म्हणून अण्णा काठी घेऊन मागे धावायचे.

नात पडली, हसत उठली, पुन्हा घसरली. अण्णा बराच वेळ बघत राहिले. मग टोपी काढून माझ्या हातात दिली आणि हळूच विचारलं, "मी आणलेली गोणी रिकामी केली का गं?"