सलीमभाई बोलले अन् मी पास झालो

लाइफ कोचचं सर्टिफिकेट काढणं मले लय सोपं वाटलं होतं गड्या. लोकायले सल्ले द्याचे, त्यात काय! पण पहिल्या खेपेले मी सपशेल नापास झालो. मग मेंटर घेतली, पुण्याच्या कुलकर्णी मॅडम. माझ्या सरावाचे गिऱ्हाईक, नेरचे सलीमभाई, गॅरेज बंद करून पोराकडे नागपूरले जाव का नाही, या पेचात होते. त्यायच्यासोबतच्या सेशनचं माझं रेकॉर्डिंग मॅडमनं ऐकलं अन् म्हणाल्या,

"सर, प्रश्न तुम्हीच विचारता आणि उत्तरही तुम्हीच देता. त्यांना बोलू द्या ना!"

परीक्षेसाठी सलीमभाईसोबतच नवं रेकॉर्डिंग केलं. मी विचारलं, "भाई, जायले मन काहून होत नाही?" ते हातातला पाना पुसत बसले. माझ्या जिभेवर सल्ला आलता, पण मी गिळला. वाटलं, गेलं सर्टिफिकेट!

मग ते हळूच म्हणाले, "तिकडं मले कोण ओळखते जी?" अन् बोलतच राह्यले. शेवटी त्यायनंच ठरवलं, आधी महिनाभर राहून पाहाचं.

निकाल आला, पास! जीव भांड्यात पडला. पहिला फोन सलीमभाईले.

"पास झाले?" ते म्हणाले. "मी तर घरी सांगतलं, सरची तब्येत बरी नाही. त्या दिवशी काही बोललेच नाही!"