चावीची आंघोळ

माझ्या धाकट्या दिरानं जुनी स्पोर्ट्स गाडी घेतली, तेव्हा विकणारा छातीवर हात ठेवून म्हणाला होता, "पहिल्यापासनं एकच चावी हाय." आमच्या घरात नवं काही आलं की त्याला पंचामृतानं आंघोळ घालायची रीत. गाडीवर दही कुठं ओतायचं, म्हणून मी तिची रिमोटची चावी ताम्हणात ठेवली आणि घातली आंघोळ. चावी मेली. गाडी दारातच कुलूपबंद.

"वहिनी, चावी काय देव हाय व्हय?" दीर डोकं धरून बसला. "हौसेनं घेतली, एक दिवस चालवली न्हाय."

"रडू नका भावजी. मी बिघडवलीया, मीच नीट करून घेती."

चावीवाल्या रफिकभाईंना घरी बोलावलं. त्यांनी दार उघडून आपलं मशीन गाडीला जोडलं. नवी चावी गाडीत नोंदवायला घेतली आणि हात थांबवला.

"वहिनी, हितं आधीच्या दोन चाव्या नोंदल्यात. एक तुम्ही बुडवली. दुसरी कुणाकडं हाय?"

दिराचं तोंड उतरलं. मी विकणाऱ्याला फोन लावला.

"ती व्हय? कपाटात राहिली असंल," तो चाचरला. "सवडीनं आणून देतो की."

मी रफिकभाईंना म्हटलं, "जुन्या दोन्हींची नोंद पुसा. नवीच तेवढी ठेवा." त्यांनी पुसली; आता जुन्या चावीनं गाडी सुरू होणार नव्हती. नव्या चावीनं गाडी पहिल्या दमात सुरू झाली. फोन अजून चालूच होता.

"पावणं, आणू नका. ती आता कान कोरायला ठेवा."