मॅडमची सही

नाय ताई, साहेब असे कोन नायत हितं. म्हंजे मीच तो, ज्याला सगळे साहेब म्हनतात, पन — बसा ना, उभ्या कशाला, पंखा लावतो. दारावरचा बोर्ड बघितलात? नमिता, नगरसेविका. माझ्या बायकोचं नाव, हाताएवढ्या अक्षरात. तरी येनारा प्रत्येक मानूस आत डोकावतो नि विचारतो, साहेब आहेत का? तुमीपन तेच विचारलंत. राग नाय हो, सवय हाय ती. लावली कोनी? मीच लावली. बघू कागद. रहिवासी दाखला — शालन, मुलगी पयलीत — हां, शाळेत आज चारपर्यंत द्यायचाय. टाईप करून आनलाय ते बरं केलंत. मिस्टर मार्केटात गोन्या उचलतात ना? वाटलंच, साताऱ्याकडचं बोलनं लपत नाय, नि मार्केटात सगळे तिकडचेच. फक्त सही नि शिक्का पायजे. दोन मिनिटांचं काम. होतं म्हंजे. आता नाय राहिलं.

चा घ्या, मीच केलाय. मॅडम वॉर्डात गेल्यात. काय झालं ते सांगतो — तुमाला घाई हाय, म्हाईत हाय, पन नाय सांगितलं तर तुमाला वाटेल हा कमळाकर मुद्दाम अडवतोय. तर पयल्या इलेक्शनची गोष्ट. मी उभा राहनार होतो. तीन वर्षं गावात कुनाच्या मयताला चुकलो नाय, कुनाच्या हळदीला चुकलो नाय, बॅनरपन छापून तयार — आनि चिठ्ठी निघाली तर वॉर्ड महिला राखीव. मग काय? सगळे करतात तेच केलं, हिला उभी केली. बॅनरवर मी कमरेपर्यंत, नि ही खाली कोपऱ्यात, हात जोडून, पासपोर्ट साईज. लोकांनी मत कोनाला दिलं? मला. निवडून कोन आली? ही. कोनाला काय खटकलं का? पार्टीला नाय, लोकांना नाय, मला तर नाहीच नाय. हिला खटकलं का, ते विचारायचं राहून गेलं.

मीटिंगला ही खाली सभागृहात बसायची, आमी सगळे नवरे वर गॅलरीत. मी चष्मा काढला की हिनं हात वर करायचा, असं ठरलेलं. हसू नका — म्हंजे हसा, आता मीपन हसतो. एकदा डोळ्यात कचरा गेला म्हनून काढला चष्मा. खाली हिचा हात वर. ठराव पास. कसला ठराव? कचराकुंडी हलवायचा, ती पन आमच्याच गेटसमोर. येताना वास आला ना? तीच ती. आनि सही म्हनाल तर — ती मीच करायचो. रोज वीस-पंचवीस कागद यायचे, ही घरात, पोरांच्या शाळा, धुनी-भांडी, पान्याच्या टायमाला मोटर, तिला कुठं प्रत्येक कागदाला बोलवत बसनार? मीच तिचं नाव लिवायचो. झोकात, पयल्या अक्षराला गाठ, शेवटी लांब शेपटी, शेपटीखाली दोन टिंबं. पाच वर्षं. हे कुठं बोलू नका हां.

मधे कितीतरी वर्षं इलेक्शनच नव्हतं. आता झालं, परत महिला, परत ही. मला वाटलं, चला, परत गॅलरी. पन चौथ्या गल्लीत पानी चढेना, आनि बायका हिच्याकडं आल्या. मी लग्नाला गेलेलो, अलिबागला. हिनं स्वतः पत्र लिवलं, स्वतः सही केली, रिक्षा करून पालिकेच्या ऑफिसात गेली. क्लार्कनं पत्र बघितलं आनि म्हनाला, वहिनी, ही मॅडमची सही नाय, मॅडमची सही घेऊन या. ही म्हनाली, मीच मॅडम. बिचारा गडबडला, पन त्यानं फाईल काढली — पाच वर्षांची पत्रं, एकेकावर माझी शेपटी नि दोन टिंबं. म्हनाला, बघा, एक तरी जुळतेय का? ही उभ्या उभ्या सगळी फाईल चाळत राहिली. सगळीकडं हिचंच नाव, नि त्यातलं एकपन हिनं लिवलेलं नाय. तशीच पत्र घेऊन परत आली.

हे मला मागनं त्या क्लार्कनंच फोन करून सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर माझी सही गिरवत बसलीय — म्हंजे तिचीच, पन माझी. शेपटी जमेना. आनि मी, मूर्ख मानूस, बाजूला बसून शिकवायला लागलो, अगं मनगट सैल सोड, अशी ओढ. तेव्हा तिनं पेन ठेवलं. शांतपने म्हनाली, अवो, माझं नाव आता मी तुमच्याकडनं शिकायचं का? लाज वाटली मला. इतक्या वर्षांत पयल्यांदा वाटली, खोटं कशाला बोलू. मग म्हनाली, आजपासून माझ्या नावाची एक जरी सही तुमी केलीत ना, मी राजीनामा देईन. मी म्हटलं, तो तरी कोन घेनार, सही जुळायची नाय. तेव्हा कुठं हसली. तेवढं नशीब माझं.

पंधरा दिवस झाले त्याला. ती वॉर्डात फिरते, मी हितं चा करतो. चौथ्या गल्लीचं पानी चढलं बरं का. मी इतकी वर्षं सांगत होतो, पाईप बदलायला पायजे, तीन वेळा मोठ्या साहेबांना आनून जागा दाखवली, तीन वेळा हार घातले. ही म्हनाली, पाईपाला काय झालं नाय, पंपाजवळचा व्हॉल्व्ह सकाळी अर्धाच उघडतात, वीस वर्षं हंडे भरलेत मी, मला कळत नाय होय? सहाला जाऊन उभी राहिली. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, विषय संपला. आनि लोक थँक्यू कोनाला म्हनतात? मला फोन करतात.

आता तुमचा कागद. सव्वातीन झाले. दोनदा फोन लावला, उचलत नाय, दुपारच्या पान्याला परत पंपावर गेलीय, तिथल्या आवाजात काय ऐकू येनार तिला. पेन हाय हितं. शेपटी काढली, दोन टिंबं दिली की शाळावाले डोळे झाकून घेतील, त्यांना तीच ओळखीची हाय. अशा बघू नका हो माझ्याकडं. हात शिवशिवतोय, खरं सांगतो. पोरीच्या शाळेचं काम, चार वाजायला कितीसा वेळ, आनि हिला कुठं कळनार —

नाय. ठेवलं पेन. हा घ्या शिक्का, शिक्का मी मारतो, शिक्क्याबद्दल ती काय बोललेली नाय. वर सहीला जागा सोडलीय. बाहेर पडा, डावीकडं वळा, कंपनीची भिंत धरून सरळ गेलात की पाच मिनिटांत पंपहाऊस. हिरवी साडी, चपला हातात, चिखलात उभी असेल, तीच. मॅडम म्हना, वहिनी नको. तिथंच गुडघ्यावर कागद ठेवून सही करेल — साधीच हाय तिची, नाव नि खाली एक रेघ. आनि शाळेत कोनी म्हटलं की ही सही जुळत नाय, तर सांगा, ह्याच्या आधीच्या सगळ्या खोट्या होत्या. हो हो, असंच सांगा. कमळाकरनं सांगितलं म्हना. जा ताई, चा राहू दे, निघा आता.