सफारी सहा महिने पुढे ढकलल्याबाबत

नाव : घरी व कामावर 'भडक्या' म्हणतात, तेच लिहावं. वय २२. शिक्षण : दुसऱ्या वर्षात कॉलेज सोडलं. काम : मामाच्या प्रवास कार्यालयात सहलींचं नियोजन. राहणार : त्याच कार्यालयाच्या वरची खोली.

पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगतो की, आफ्रिकेतल्या जंगल सफारींचं टेबल दोन वर्षांपासून माझ्याकडे आहे. मी स्वतः आफ्रिकेला गेलेलो नाही.

चार महिन्यांपूर्वी एक बाई आमच्याकडे आल्या. सोबत त्यांच्या वारलेल्या बहिणीची दोन मुलं होती. थोरली नऊ वर्षांची, धाकटा पाचाचा, त्याला घरात गेंडू म्हणतात. मुलांचे वडील दातांचे डॉक्टर आहेत, त्यांना सवड नसते, म्हणून सगळं मावशीच बघणार होती. बाईंचं वय माझ्याहून वर्षभराने जास्त. यापुढे तिला 'ती' म्हटलं आहे. अंमलदारसाहेबांनी ते दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा राहू दिलं.

अशा नियोजनाला तीन भेटी लागतात. आमच्या अकरा झाल्या. पहिल्या भेटीत गाडी लागणाऱ्या मुलाला कुठे बसवायचं ते ठरलं. दुसऱ्या भेटीत, गेंडू रोज पहाटे साडेपाचला उठेल का, यावर चर्चा झाली. चर्चा चालू असताना तो झोपला होता. चौथ्या भेटीत मी मुलांना दुर्बीण धरायला शिकवलं. बघण्यासारखं दुसरं काही नसल्याने समोरचा शिंपी बघितला. त्याने हात हलवला. ती हसली. वेळ सायंकाळी पाच वीस.

सातव्या भेटीत तिने सहज सांगितलं की, सफारीत मुलांना एक बातमी द्यायची आहे. डॉक्टर व ती लग्न करणार आहेत. मोठ्यांचं तसं ठरलंय. मुलं तिकडे खुशीत असतील, तर सांगणं सोपं जाईल. तुला कसं वाटतंय, असं मी विचारलं.

"मुलांना आई हवी ना," ती म्हणाली.

मी ते विचारलं नव्हतं. पण तसं बोललो नाही. त्याऐवजी सांगितलं की, सफारीच्या मुक्कामी सहा वर्षांखालच्या मुलांना उघड्या गाडीत घेत नाहीत. गेंडूला सहा पूर्ण व्हायला सहा महिने होते, त्यामुळे सफारी तेवढी पुढे गेली. ही गोष्ट खोटी होती. तिथे चार वर्षांपासून घेतात.

आज दुपारी दीड वाजता डॉक्टर, ती व दोन्ही मुलं कार्यालयात आली. थोरलीच्या हातात माझ्याच टेबलावरचं माहितीपत्रक होतं.

"दादा, इथे चार लिहिलंय. तू सहा का सांगितलंस?"

पत्रक जुनं असेल, असं मी म्हणालो. थोरलीने मागे छापलेली तारीख दाखवली, ती यंदाची होती. मामा मला गाढव म्हणाला. डॉक्टर हसून म्हणाले, "जाऊ द्या हो, पोरगं आहे." ते चिडले असते तर पुढचं घडलं नसतं. मी दारापाशी उभा असलेला लाकडी जिराफ उचलून काचेच्या दारावर मारला. काच फुटली. माणसांना लागलं नाही. जिराफाची मान मोडली. गेंडू रडला, तो जिराफासाठी.

तक्रार द्यायला निघण्यापूर्वी मामाने तिथेच चौघांची तिकिटं काढली. निघणं आजपासून बरोबर दहा दिवसांनी.

आणखी काही सांगायचं आहे का, असं विचारल्यावरून सांगतो की, त्या देशात पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला नसेल तर विमानतळावरूनच परत धाडतात. दाखला लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो. म्हणजे लस आजच घ्यायला हवी. लशीचं सगळं मीच बघतो, मामाच्या ते ध्यानात येणार नाही. लसीकरण केंद्र पाचला बंद होतं. मी ठाण्याच्या बाकावर अडीचपासून बसलो होतो. मला हे अडीचपासूनच ठाऊक होतं. सांगितलं तेव्हा चार दहा झाले होते.

अंमलदारसाहेब म्हणाले, आधी सही. मी म्हणालो, आधी फोन. त्यांनी फोन दिला. नंबर मला पाठ होता, हे लिहू नये अशी विनंती केली. ती मान्य झाली नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. "हे तरी खरं आहे ना?"

"खरं आहे. गेंडूला सुई टोचताना सांग, गेंड्याची कातडी केवढी जाड असते. मग रडणार नाही."

तिने फोन ठेवला नाही. मुलांना हाका मारल्याचा आणि मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. त्यानंतर फोन बंद झाला. वेळ चार सोळा.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, मी बोललो तसाच उतरला आहे. 'सदर बाईंशी नातं' या रकान्यात मी काही सांगितलं नव्हतं, तिथे आडवी रेघ मारली आहे. तीही बरोबर आहे.