बिनकाचेचा फोटो

...न्हाई, पण मला एक सांगा, प्रिंटर घ्यायला गेलेला माणूस रंग बघंल का शाई बघंल? रंगच बघंल ना! मी बी रंगच बघितला... आन् तिथंच घात झाला!

मुखेडला फोटो स्टुडिओ हाय माझा. म्हणलं, छापायला कुठवर नांदेडला पाठवावं, आपलाच प्रिंटर घेऊ. नांदेडच्या प्रिंटरच्या दुकानात कामाला असलेला अश्वजित, माझा जुना दोस्त, दोन प्रिंट पुढं ठेवून सांगून राहिला, "रुद्रेश, हा पिगमेंट शाईचा घे. जरा मंद दिसतो, पण पाणी लागलं तरी हलत न्हाई. तो डाय शाईचा चटक दिसतो, पण ओल्या हाताला टिकायचा न्हाई." मी म्हणलं, "फोटो काय आंघोळ करतो का बे?" हसलो की वर! अश्वजित सांगत होता हो... पण ऐकतो कोण!

आणला चटकवाला. पहिला प्रिंट कुणाचा? आमच्या अप्पांचा, म्हंजे वडलांचा, मलप्पांचा! पहिलं पुण्यस्मरण तोंडावर आलेलं. हा एवढा मोठा फोटो, मिशीचा केस न् केस दिसायचा! आई म्हणली, "रुद्र्या, काच बसव की रं." मी म्हणलं, "काचंनं चकाकी मरती, सोयऱ्यांना क्वालिटी दिसू दे!" सगळे सोयरे माझे गिऱ्हाईक, तुम्हाला सांगतो, त्या एका फोटोवर माझं नाव व्हायचं होतं...

आता आमच्यात फोटोला नुसता हार घालून भागतंय का? इभूत, म्हंजे भस्म, लावावी लागती! ओली! तीन बोटं बुडवायची आन् कपाळावर ओढायची. पहिला उदगीरचा गुंडप्पामामा. मग आत्या. मग... अहो, रांगच! आन् मी पंगतीत वरण वाढून राहिलो! बघतो तर कपाळ भुवईत, भुवई डोळ्यात, मिशी पार हनुवटीवर! मामा वरडला, "आरं, दाजीला घाम सुटला की!" अख्खी पंगत उठून बघायला... अश्वजित सांगत होता हो!

लई वाईट वाटलं बघा. ज्या बापानं पहिला कॅमेरा घेऊन दिला, त्याचंच तोंड मी चारचौघांत पुसलं. म्हणलं, "आई, काढतो खाली, दुसरा छापतो, काच लावून." तर ती पदरानं चौकट पुसत म्हणली, "ऱ्हाऊ दे. रानातून आल्यावर असेच दिसायचे."

तसाच हाय भिंतीवर. घरात कुणी बी आलं की आधी तिकडंच बघतं आन् विचारतं, "हा फोटो कुणी छापला हो?" मी गुपचूप मागच्या दाराकडं निघतो, तवर आई छाती फुगवून सांगती, "आमच्या रुद्रेशनं! सोताच्या मशीनवर!"