लीलाला कशाची भीती वाटते?

...आणि त्याच्या पुढचा प्रश्न काय, तर 'संध्याकाळच्या वेळी आपल्या प्रियजनांना काय केल्याने बरे वाटते?' अहो, आता मला काय माहीत? सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात संध्याकाळी पावणेसहाला मी कारखान्यातून सायकलवर घरी यायचो, ती चहा पुढे ठेवायची, मी पेपर उघडायचो! पेपराच्या पलीकडे तिला बरं वाटत होतं की वाईट, हे पेपरात छापून येत होतं का?

बरं, एक-दोन प्रश्न नाहीत हो. एकशे वीस! नोकरीला लागताना एवढे विचारले नव्हते मला. आणि लग्नाच्या वेळी तर दोनच विचारले होते, मुलगी पसंत आहे ना, आणि उज्जैनहून वऱ्हाड किती आणू!

थांबा, असं मधूनच सांगून तुम्हाला कळायचं नाही. मी विनायक शिंत्रे. इथंच भोपाळला, पिपलानीत, टाउनशिपच्या क्वार्टरात राहतो. टर्बाइनच्या ब्लॉकला इन्स्पेक्शनमध्ये होतो. केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा फरक असला तरी पकडायचो, माल परत! लोक घाबरायचे मला. आणि ही लीला, माझी बायको, टाउनशिपच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. अख्ख्या कारखान्याचे नंबर तोंडपाठ, डायरी कधी उघडली नाही बाईनं. आणि तीन वर्षांपूर्वी तीच लीला गॅसपाशी उभी राहून मला विचारते, 'अहो, ह्याला काय म्हणतात?' म्हटलं, कशाला? तर हातात कुकरची शिट्टी.

मी हसलो हो. तुम्हाला सांगतो, मी हसलो त्या दिवशी.

मग डॉक्टर झाले, डोक्याचे फोटो झाले. डॉक्टर म्हणजे अगदी कोवळा पोरगा, 'अंकल, ये धीरे-धीरे बढ़ेगा' असं सांगताना त्याचाच चेहरा पडला. आणि मग आमची कल्पना जागी झाली. कल्पना म्हणजे मुलगी, बंगलोरला कॉम्प्युटरमध्ये असते. 'बाबा, आता सगळं डिजिटल झालंय, तुम्ही एकटे नाही आहात!' आणि आठवड्याभरात खोकं आलं. खोक्यात एक टॅबलेट... गोळी नव्हे हो, पाटीसारखं ते! एक घड्याळ, लीलाच्या मनगटाला बांधायचं, म्हणजे ती कुठं आहे ते माझ्या फोनवर ठिपक्यानं दिसणार. आणि एक कुलूप. पुढच्या दाराला बसवायचं. त्याला किल्लीच नाही! माझ्या फोनला बोट लावलं की 'टूँ' करून उघडणार. का, तर हे पेशंट घराबाहेर जातात, हरवतात. पटलं मला. बसवलं.

आणि त्या पाटीत एक बाई बसलेली. दिसत नाही, नुसती बोलते, साखरेच्या पाकात बुडवून काढल्यासारखी. 'नमस्ते विनायक जी! आइए, लीलावती जी को थोड़ा और जानें!' म्हटलं, मी ओळखतो हो तिला, तुम्ही बसा. पण नाही! कल्पना म्हणाली, 'बाबा, प्रत्येक माणूस वेगळा असतो. आईची माहिती भरलीत तर ते आईसाठी वेगळा सल्ला देईल. खास आईसाठी!'

म्हणून ते एकशे वीस प्रश्न.

आवडता रंग? आता मला काय माहीत? कपाटात बघितलं, साड्या सगळ्या रंगांच्या. निळा लिहिला, मला निळा आवडतो. आवडतं संगीत? नाट्यगीतं. ती मीच लावतो रोज सकाळी, ती ऐकतेच की! लहानपणी घरात कोणत्या नावानं हाक मारायचे? आता मला काय माहीत? मी जन्मलो होतो ग्वाल्हेरला! आणि मग तो प्रश्न आला, 'त्यांना कशाची भीती वाटते?' खूप विचार केला, बरं का. चहा गार झाला. शेवटी लिहिलं, पालीची. बायकांना वाटतेच!

झालं. पाटी म्हणाली, 'बहुत सुंदर! आपका प्रोफाइल सौ प्रतिशत पूर्ण हुआ!' आणि चमचमते कागद उडाले की हो त्या पडद्यावर. शंभर टक्के! इन्स्पेक्शनला असा माल आला असता तर मी गेटावरूनच परत पाठवला असता.

आणि त्याच आठवड्यापासून लीलाच्या संध्याकाळी बिघडल्या.

सहा वाजले की उठायची आणि दाराशी जायची. आधी कडी चाचपायची, मग ढकलायची, मग दोन्ही हातांनी दार बडवायची. 'उघडा हो... उघडा ना... मी नाही करणार पुन्हा...' अहो, काय नाही करणार? कोणाला सांगतेय? मी जवळ गेलो की मला ओरबाडायची. बहात्तर वर्षांची बाई, लहान पोरीच्या आवाजात रडतेय, आणि मी उभा, हातात पाटी! पाटी म्हणतेय, 'लीलावती जी बेचैन हैं? उनका मनपसंद संगीत लगाइए!' लावलं नाट्यगीत. तिनं कान दाबून घेतले. 'उन्हें उनके मनपसंद रंग की चीज़ दीजिए!' दिली निळी शाल. ती माझ्याच अंगावर फेकली. असं का होतंय? आता मला काय माहीत?

त्या पोरगेल्या डॉक्टरनं गोळी वाढवली. मग लीला बडवेनाशी झाली. खुर्चीत बसून राहायची, मान एका बाजूला, तोंडातून लाळ. शांत. पाटीवर हिरवा हसरा चेहरा आला, 'आज का दिन अच्छा रहा!' तुम्हाला सांगतो, त्या हसऱ्या चेहऱ्यावर मी उशी ठेवली.

कल्पनानं व्हिडिओवर आईला तसं बघितलं. मग हळूच म्हणाली, 'बाबा, तुमच्यानं नाही होत आता. इथं बंगलोरला एक सेंटर आहे, चांगलं आहे. पुढच्या महिन्यात मी येते आणि...' तिथं लीलाशी मराठी कोण बोलणार, एवढंच आलं मनात.

असे ते दिवस. आणि एका दुपारी, साडेचार वाजले असतील, अन्वरभाई कबाडी आला. दर दोन महिन्यांनी रद्दी नेतो. दार उघडलं, गठ्ठे त्याच्यापुढे टाकले, आणि नेमका कल्पनाचा फोन! 'बाबा, प्रश्न चौऱ्याहत्तरचं उत्तर तुम्ही दोनदा वेगवेगळं भरलंय!' मी आत स्वयंपाकघरात जाऊन तिच्याशी भांडतोय, चौऱ्याहत्तर काय आणि पंचाहत्तर काय, मला काय माहीत, वगैरे, आणि बाहेर येऊन बघतो तर... रद्दी नाही, कबाडी नाही, लीला नाही. दार सताड उघडं.

शेजारी हाका मारल्या, मागच्या गल्लीत पळालो. मग आठवलं, घड्याळ! ठिपका! फोन उघडला, तर ठिपका कुठं? टाउनशिपच्या बाहेर! चाललाय आपला भराभर! कल्पनालाही तिकडे दिसतच होता, ती फोनवर किंचाळतेय, 'बाबा! आई ताशी तीस किलोमीटरनं चालतेय!' म्हटलं, अगं तिचे गुडघे...! 'बाबा, कोणीतरी गाडीत घातलंय तिला! निघा!'

स्कूटर काढली. पंचाहत्तर वर्षांचा मी, बिनहेल्मेटचा, एका हातात फोन! ठिपका पुढे, मी मागे. सिग्नल तोडले, एका शिपायानं शिट्टी मारली, त्याला म्हटलं, बायको पळालीय! त्यानं माझं वय बघितलं आणि सोडून दिलं. थेट बिट्टन मार्केटपाशी ठिपका थांबला. भाजीचा बाजार भरलेला, ही गर्दी! आणि तिथं बघतो तर अन्वरभाईचा टेंपो. त्यावर माझीच रद्दी. आणि रद्दीच्या गठ्ठ्याला, सुतळीच्या गाठीशी, ते घड्याळ बांधलेलं!

'बाबूजी, अम्मा ने खुद बाँधी! बोलीं, ये भी ले जाओ, हाथ में काटती है।'

मी त्याची कॉलर धरली. खरंच धरली. अम्मा कहाँ है? त्यानं माझे हात हळूच सोडवले, आपल्या भोपाळी ढंगात म्हणाला, 'को खाँ, घड़ी के पीछे इतनी दूर आ गए? अम्मा तो पैदल निकली थीं, गली में दाएँ तरफ़। मैं समझा, पड़ोस में जा रही हैं।'

गल्लीत उजवीकडे! आणि मी सगळं भोपाळ ओलांडून कांद्या-बटाट्यात उभा! तिथंच एका पोत्यावर बसलो. आणि फोन वाजला. शकुंतलाबाईंचा. शकुंतला देवपुजारी, लीलाबरोबर एक्स्चेंजला होत्या, आमच्यापासून तीन गल्ल्या पलीकडे राहतात. 'विनायकराव, लीला माझ्याकडे आहे. सावकाश या. आणि आल्यावर ओरडू नका.'

गेलो. दार उघडंच होतं. सहा वाजून गेले होते, बरं का, दार बडवायची वेळ! आणि लीला? दिवाणावर मांडी घालून बसलेली, शेंगा सोलत. शकुंतलाबाई समोर वेताच्या मोड्यावर. मला बघून त्यांनी बोट ओठावर ठेवलं, आणि आवाज बदलून म्हणाल्या, 'एक्स्चेंज? फाउंड्री द्या हो.' लीला मान वर न करता म्हणाली, 'दोन-चार-एक-सात. एंगेज आहे, थांबा.' 'बरं, मग दवाखाना?' 'दोन-शून्य-नऊ-एक. रिंग जातेय.' माझं नाव न आठवणारी बाई! दवाखान्याची रिंग ऐकत होती.

मी दाराशीच खाली बसलो. आणि सवयीनं हात मागे करून कडी लावायला गेलो, बाहेर पळू नये म्हणून... तर शकुंतलाबाई केवढ्यानं म्हणाल्या, 'कडी नको!'

म्हटलं, का?

'का म्हणजे? तुम्हाला माहीत नाही?'

मला काय माहीत?

हे मी तेव्हा म्हणालो ना, तेव्हा पहिल्यांदा मला ते ऐकू आलं.

लहानपणी, उज्जैनला, आई गेल्यावर लीला काकूकडे वाढली. काही चुकलं की काकू तिला धान्याच्या कोठीत घालायची आणि बाहेरून कडी. दिवेलागणीला घालायची, जेवणं झाल्यावर काढायची. सात वर्षांची पोर. 'एक्स्चेंजला तीस वर्षं आम्ही दार लोटून घ्यायचो, विनायकराव. सगळ्या मुलींना ठाऊक होतं. साहेब ओरडायचा, तरी कडी लावली नाही. तुम्हाला नाही सांगितलं तिनं?'

नाही सांगितलं. पण अहो, घरात न्हाणीघराची कडी ती कधी लावायची नाही! आणि मी दरवेळी, दरवेळी खेकसायचो, 'कडी लावायला काय होतं तुला? शिस्त म्हणून नाही!' ती नुसतं 'हो' म्हणायची. पुन्हा लावायची नाही. केसाच्या दहाव्या हिश्शाचा फरक पकडणारा माणूस मी! सत्तेचाळीस वर्षं तो फरक माझ्या डोळ्यांपुढे होता, आणि वर ह्या हातांनी तिला किल्ली नसलेल्या कुलपात घातली, रोज, दिवेलागणीला. तिला ते समजावणार तरी कोण? ती मला काकू समजून विनवत होती हो.

दुसऱ्या दिवशी पान्हा घेऊन कुलूप काढलं. त्या जागी कल्पनानं एक बारकंसं यंत्र पाठवलं, उंबरठा ओलांडला की माझा फोन वाजतो, बस. दार उघडं राहतं. आणि शकुंतलाबाईंना बसवलं पाटीसमोर. एकशे वीस प्रश्न, पुन्हा पहिल्यापासून! त्या सांगायच्या, मी भरायचो. रंग? जांभळा. संगीत? गाणं नको, बोलणं ऐकायला आवडतं तिला, माणसांचा गलका. घरातलं नाव? चिमी. मी एखाद्या ऑफिसातल्या कारकुनासारखा, खाली मान घालून लिहून घेत होतो, परक्या बाईचा अर्ज भरावा तसा.

आणि खरं सांगू? मग ती पाटी शहाणी झाली! तिची चूक नव्हतीच. माझ्याकडून मिळालेलं तिनं मला परत दिलं होतं. आता सहाला पाटीतून शकुंतलाबाईंचा भरून ठेवलेला आवाज येतो, 'एक्स्चेंज?' आणि लीला उत्तर देते. गोळी अर्ध्यावर आली. कल्पनानं सेंटरचं नाव काढणं सोडलं, निदान सध्या. बाकी आजार आहे तिथंच आहे, रोज थोडा पुढेच जातोय. डॉक्टर सांगतो, मी ऐकतो.

मागच्या महिन्यात एका सकाळी ओट्यावर तिचे केस विंचरत होतो. शिकलोय आता. तर वळून माझ्याकडे बघितलं, नीट, बराच वेळ, परक्या माणसाकडे सभ्य बाई बघते तसं. म्हणाली, 'तुम्ही इथं रोज येता?'

म्हटलं, हो.

'परमनंट झालात का?'

तोंडावर आलं होतं हो, की अगं सत्तेचाळीस वर्षं...! गिळलं. म्हटलं, नाही बाई, अजून प्रोबेशनवर आहे.

तर माझ्या हातावर हात ठेवून म्हणते, 'नीट काम करा. खाडे करू नका. करतील कायम.'

तुम्हाला सांगतो... त्या दिवसापासून एक खाडा केलेला नाही.