श्यामलाच्या नानकटाईचा फोटो

नाही नाही विश्वंभरपंत, तो डाग नाही — म्हंजे डागच म्हणा, पण रंगाचा नाही. श्यामलाच्या मनगटापाशी तेवढी जागा रंगवायची राहिलीय. बाकी सगळं झालंय बघा. परकर मोरपंखी, तुम्ही कार्डावर लिहिलं होतंत तस्सा. पोलकं पिवळं. पातेल्याखालचे निखारे लाल, झाकणावरचे लाल, आणि ताटलीतल्या ह्या पहिल्या घाण्याच्या नानकटाया — त्यांचा रंग काही केल्या जमेना हो, तीनदा कापसानं पुसला. गालांना किंचित गुलाबी दिलंय. सगळ्याच मुलांना देतो, आयांना आवडतं — चुकलो. अनुसूयावहिनी घरात नाहीत, ते मला ठाऊक असून बोलून गेलो. बसा ना. त्या खुर्चीवर नको, डुगडुगते ती. इथं बसा.

दीड वर्ष लागलं म्हणता? लागलंच. काम फार होतं — काम कसलं डोंबलाचं, ह्या नागावात रोज कोण फोटो काढून घेतंय. चार दिवसांचं काम. हा कपाटातनं काढायचा, बघायचा, परत ठेवून द्यायचा. तुम्ही मुंबईला, महिन्याकाठी रेवसच्या बोटीनं येणार — पोरगी नानकटाई भाजायला शिकली ते तुम्हाला दिसावं, म्हणून वहिनींनीच मला हौसेनं बोलावलं होतं. सावत्र आई इतकी हौस करते कधी? त्या करत होत्या. पोरीच्या वेणीत अबोली हवी म्हणून परसात गेल्या, तेवढ्यात मी उरकायला घेतलं, ऊन सरकत होतं ना. तुमच्या स्वयंपाकघरात उजेड बेताचा, भिंगाचं टोपण काढून सहा आकडे मोजावे लागतात. मध्ये कुणी हललं की चेहरा फिसकटला. श्यामलाला म्हटलं, चिमट्यात निखारा धर, झाकणावर ठेवतेयस असं दाखव, आणि सहा म्हणेपर्यंत हलायचं नाही. गुणाची पोर. हलली नाही. तेव्हासुद्धा हलली नाही. चारच आकडे तर राहिले होते —

कधी म्हंजे? तसं काही नाही. तुम्ही आत्ताच म्हणालात ना, काय गोड हसतेय म्हणून?

ते हसणं नाही, विश्वंभरपंत. दात आवळलेत तिनं. दोन म्हटलं आणि चिमट्यातला निखारा घसरून मनगटावर पडला. हा ठिपका तोच. मला दिसला, समोरच तर होतो. पण फोटोची शेवटची काच उरली होती माझ्याकडे, ही वाया गेली की परत अलिबागेहून आणा — म्हटलं, हलू नको बाळ, झालंच. तीन. चार. पाच. माणूस असं करतं का हो? मी केलं. मग पाणी ओतलं, खोबरेल लावलं, आणि तिला दटावलं — कुणाला बोललीस तर फोटो मिळायचा नाही. सात वर्षांच्या पोरीला. वहिनी फुलं घेऊन आल्या, तर तिनं हात परकरात लपवलान.

दुसऱ्या दिवशी फोड दिसला आणि अख्ख्या आळीनं ठरवून टाकलंन, सावत्र आईनं चटका दिला. वहिनींना कशाचा पत्ताच नव्हता, त्या काय सांगणार? तुम्ही मुंबईहून आलात, पोरीला विचारलंत, पोर गप्प. तुम्हाला वाटलं घाबरलीय. वहिनींना माणगावला माहेरी पोचवून आलात, तेव्हा गाडी माझ्या दारावरनं गेली. त्या मान खाली घालून बसल्या होत्या. मी आत गेलो आणि दार लोटून घेतलं. उद्या सांगू, परवा सांगू — आणि आता खरं तेच सांगतो, काल दुपारी पिवळा रंग कुंचल्यावर घेतलासुद्धा होता. पोलक्याची बाही चार सूत लांब केली की ठिपका गेला, कुणाला काही कळलं नसतं. हात पुढे होईना.

असे बघू नका. दोन थोबाडीत द्या हवं तर. मी येतो माणगावला, वहिनींच्या पायावर डोकं ठेवतो, आळीतल्या एकेकाला गाठून सांगतो — उठलात का? कुणाला हाक मारताय? बाहेर ओट्यावर बसवलीत तिला? पंत, नको हो, तिच्यादेखत नको —

ये, श्यामला. केवढी झालीस गं. हा बघ तुझा फोटो. सांगितलंस तरी तुझाच, कळलं? मी तेव्हा वाईट बोललो होतो, खोटं बोललो होतो. आता बाबांना सांग, हात कशानं भाजला ते. माझ्याकडे बघू नको, त्यांच्याकडे बघून सांग. सांग ना, बाळ.

काय? मोठ्यानं बोल. सांगितलं की आई परत येईल का म्हणतेस?

ते — ते मला नको विचारू. बाबांना विचार. जा, त्यांच्याबरोबर जा घरी.